पुस्तक तुमचं, मग फाइल कुणाची?

सध्या ओळखीतल्या बऱ्याच जणांची पुस्तकं येताहेत. रिटायर झालेल्या काकांच्या आठवणी, मैत्रिणीचा कवितासंग्रह, टीममधल्या एकाची किल्ल्यांवरची भटकंती. सगळं पदरच्या पैशांनी. यात कमीपणा काहीच नाही. माझं भांडण आहे ते या व्यवहाराशी.

व्यवहार साधारण असा होतो. लेखक वर्डमध्ये किंवा मोबाइलवर युनिकोडात टाइप करतो. डीटीपीवाला तो मजकूर कन्व्हर्टरमधून जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये ओततो. या फॉन्टमध्ये आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, वर फक्त मराठी मुखवटा. ओतताना कुठे ‘ॲ’ गळतो, कुठे ‘दुसऱ्या’तला र मोडतो. मग लेखक तीन-तीन प्रुफं तपासतो. त्यातल्या निम्म्या चुका त्याच्या नसतातच, कन्व्हर्टरच्या असतात! शेवटी हातात काय येतं? प्रतींचे गठ्ठे, आणि फार मागे लागलात तर एक पीडीएफ. त्यातली ओळ कॉपी करून पाहा, नुसता कचरा येईल.

आपल्या धंद्यात असं करून बघा. क्लायंटने प्रोजेक्टचे सगळे पैसे दिले आणि आपण म्हणालो, ‘ही घ्या ईएक्सई, सोर्स कोड आमच्याकडेच राहील.’ छातीवर बसेल तो!

आमच्या मामाचं पुस्तक १६० पानांचं, म्हणजे १६ पानी दहा फॉर्म. ५०० प्रती संपल्या म्हणून हौसेने दुसऱ्या आवृत्तीला निघाला. छापखान्यात फाइल होती, पण तो फॉन्ट असलेला कॉम्प्युटर भंगारात गेलेला आणि ऑपरेटर नोकरी सोडून गेलेला. ‘पुन्हा टाइप करावं लागेल’, हे उत्तर. मामाकडे वर्डची फाइल होती की! पण तीन प्रुफांत केलेल्या शेकडो दुरुस्त्या तिच्यात नव्हत्या. त्या फक्त छापखान्याच्या फाइलमध्ये. म्हणजे पुस्तकाचा खरा, अंतिम मजकूर लेखकाकडेच नाही.

आता तुम्ही म्हणाल, युनिकोडात छपाई नीट येत नाही. २००५ साली हे मी ऐकून घेतलं असतं. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली. इनडिझाइन २०१२च्या सीएस६ पासून देवनागरी जोडाक्षरं सांभाळतं. ‘टिरो देवनागरी मराठी’सारखा पुस्तकी फॉन्ट फुकट मिळतो, तोही मराठी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’सकट. तेव्हा तांत्रिक अडचण संपली, उरली ती सवय. ऑपरेटरला पानामागे मिळणारे पैसे तुटपुंजे असतात, हे मान्य. मग या कामाचे वेगळे पैसे मागा ना. आम्ही देऊ.

दुसरी भीती, ‘फाइल दिली तर तुम्ही दुसरीकडे छापाल.’ हो, मग? काम चांगलं केलंत तर परत तुमच्याकडेच येऊ.

गंमत म्हणजे स्वतः छापलेल्या पुस्तकाचे प्रकाशक कायद्याच्या लेखी तुम्हीच. १९५४च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवायची जबाबदारीही तुमचीच. आयएसबीएनसुद्धा राजा राममोहन रॉय संस्थेकडून लेखकाला स्वतःच्या नावावर विनामूल्य मिळतो. तरी ‘पॅकेज’मध्ये तो विकत घेऊन लोक दुसऱ्याच्या नावावर पुस्तक चढवतात. जबाबदारी आपली, मालकी भलत्याचीच!

आणि हा फक्त पैशांचा प्रश्न नाही. युनिकोड मजकूर असेल तर ई-बुक निघतं, शोधता येतं, न दिसणारा वाचक स्क्रीन रीडरवर ते ऐकू शकतो. मुखवट्याच्या फॉन्टमधलं पुस्तक त्याच्यासाठी छापलेलंच नाही.

तेव्हा ॲडव्हान्स देण्याआधी कोटेशनवर तीन ओळी लिहून घ्या: दुरुस्त केलेला अंतिम मजकूर युनिकोडात मिळेल, मांडणीची मूळ फाइल फॉन्टच्या नावांसकट मिळेल, छपाईची पीडीएफ मिळेल. समोरचा नाही म्हणाला तर चहा पिऊन उठा. पुण्यात छापखान्यांची टंचाई नाही.