पोलिसांची तक्रार कुणाकडे करायची?



वर्गात 'आपले मदतनीस' शिकवत होतो. पोस्टमन, डॉक्टर, पोलीस. एक मुलगा उठला, "सर, पोलिसानंच चूक केली तर सांगायचं कुणाला?" वर्ग हसला. मला मात्र नीट उत्तर देता येईना.

घरी जाऊन वाचलं. कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून १९८६ मध्ये पश्चिम बंगालच्या दिलीपकुमार बसूंनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. तीच याचिका झाली आणि १८ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे ११ नियम घालून दिले. पोलिसाच्या नावाची व हुद्द्याची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. अटकेच्या कागदावर साक्षीदाराची सही हवी. नातेवाइकाला कळवलं पाहिजे. दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करणं तर संविधानाच्या कलम २२ मध्येच आहे.

२००६ मध्ये न्यायालयाने प्रत्येक राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितलं. ती याचिका करणारे प्रकाश सिंह स्वतः निवृत्त पोलीस महासंचालक! म्हणजे जाब विचारणं हे पोलिसांशी वैर नव्हे. गणपतीत रात्र-रात्र उभा राहणारा प्रामाणिक शिपाईसुद्धा एका वाईट अधिकाऱ्यामुळे बदनाम होतोच की.

महाराष्ट्रातही असं प्राधिकरण आहे. पण आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मलाही नव्हतं. नियम कागदावर राहतात, कारण विचारणारा घाबरलेला असतो. आणि ही भीती आपणच पेरतो. "जेव, नाहीतर पोलीस घेऊन जाईल," हे कुठल्या घरात ऐकू येत नाही? असं मूल मोठं होऊन पोलीस ठाण्यात प्रश्न कसा विचारणार? आणि रस्ता चुकलं, तर मदत तरी मागेल का?

आपणही यातून सुटत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना मारायला बंदी आहे. तरी छडी उगारणारा गुरुजी मुलांना हेच शिकवतो, की ज्याच्या हातात काठी त्याला कुणी विचारायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला म्हणालो, "पोलीस आपले मदतनीस आहेत. पण तेही कायद्याखालीच आहेत. चुकले तर वरिष्ठांकडे, न्यायालयात, प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. आणि आधी त्यांच्या छातीवरचं नाव वाचायचं."

एवढं तर आपण प्रत्येक वर्गात सांगूच शकतो ना?