महामार्गांचा हिशेब प्रवाशाच्या बाजूने हवा

ऑगस्ट २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने राष्ट्रीय महामार्ग ५४४ वरच्या पालियेक्करा नाक्यावरची टोलवसुली चार आठवड्यांसाठी थांबवली. एडप्पल्ली ते मन्नुत्ती हा ६५ किलोमीटरचा टप्पा. अर्धवट कामे, खड्डे आणि तासन्‌तास चालणारी कोंडी यांनी तिथले लोक टेकीला आले होते. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने सरळ प्रश्न केला: ६५ किलोमीटरला बारा तास लागत असतील, तर माणसाने दीडशे रुपये कशाचे द्यायचे? प्राधिकरणाचे अपील फेटाळले गेले.

निकाल प्रवाशांच्या बाजूने लागला, याचे समाधान आहे. पण एवढ्या साध्या प्रश्नासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला बसावे लागले, ही काळजीची गोष्ट आहे. रस्ता टोल घेण्याच्या लायकीचा आहे की नाही, हे ठरावीक काळाने तपासून जाहीर करणारी स्वतंत्र यंत्रणा भारतात नाही. २००८ च्या नियमांप्रमाणे टोलचे दर दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढतात, त्यात घाऊक महागाईच्या वाढीचा ४० टक्के हिस्सा मिळवला जातो. या वार्षिक वाढीच्या सूत्रात रस्त्याच्या अवस्थेला जागाच नाही.

मोजले जाते ते वेगळेच. २०१४ मध्ये देशात सुमारे ९१ हजार किलोमीटर राष्ट्रीय महामार्ग होते, आज ते १ लाख ४६ हजार किलोमीटरवर आहेत. यातली बरीच वाढ राज्यांचे रस्ते केंद्राकडे घेऊन, नवा क्रमांक देऊन झाली आहे. रुंदीकरण आणि नवी कामेही प्रचंड झाली, हे मान्यच करायला हवे. २०२०-२१ मध्ये १३ हजार ३२७ किलोमीटरचे काम झाले, म्हणजे दिवसाला सुमारे ३७ किलोमीटर. हाच ‘दिवसाला इतके किलोमीटर’ आकडा संसदेत सांगितला जातो, भाषणांत येतो, मथळ्यांत झळकतो. कामाचा वेग त्यातून कळतो. काम झाल्यावर त्या रस्त्यावरून जाणाऱ्याचे काय होते, ते कळत नाही.

ते कळण्यासाठी दुसरा आकडा बघावा लागतो. २०२२ मध्ये देशभरच्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यातली ६१ हजार ३८ माणसे राष्ट्रीय महामार्गांवर, द्रुतगती मार्ग धरून, मृत्युमुखी पडली. देशाच्या एकूण रस्त्यांच्या लांबीत या महामार्गांचा वाटा जेमतेम दोन टक्के, मृत्यूंमध्ये मात्र छत्तीस टक्के. वाहतुकीचा मोठा भार तेच वाहतात हे खरे, तरीही २०२२-२३ या आर्थिक वर्षात आपण दिवसाला सरासरी २८ किलोमीटर महामार्ग बांधत होतो आणि २०२२ मध्ये महामार्गांवर दिवसाला १६७ माणसे गमावत होतो. पहिला आकडा मंत्रालयाच्या यशाचा आणि दुसरा वाहतूक पोलिसांच्या तक्त्यातला, ही विभागणी मोडायला हवी. दोन्ही आकडे एकाच रस्त्याचे आहेत.

अपघातप्रवण ठिकाण, म्हणजे ब्लॅक स्पॉट, कशाला म्हणायचे याची सरकारी व्याख्या वाचली तर अंगावर काटा येतो. साधारण पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे मेली, की ते ठिकाण यादीत येते. त्यानंतर पाहणी, प्रस्ताव, निधी, निविदा. म्हणजे तीव्र वळणाचा किंवा उघड्या दुभाजकाचा धोका कागदावर सिद्ध व्हायला आधी माणसे मरावी लागतात. जगात याला पर्याय आहे. ‘आयरॅप’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पद्धतीत रस्त्याची रचना पाहूनच त्याला एक ते पाच तारे दिले जातात: पादचाऱ्यांना ओलांडायला जागा आहे का, कडेला कठडा आहे का, समोरासमोरची वाहतूक वेगळी केली आहे का. २०३० पर्यंत नवे रस्ते किमान तीन तारे मिळवतील किंवा तशाच सुरक्षा निकषांना उतरतील, असे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य देशांनी मान्य केले आहे.

नीट मोजले तर जीव वाचतात, हे महाराष्ट्राने स्वतः पाहिले आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राष्ट्रीय महामार्ग नाही, राज्य रस्ते विकास महामंडळाचा आहे. २०१६ मध्ये त्यावर १५१ मृत्यू झाले. त्याच वर्षी महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था यांनी ‘शून्य मृत्यू’ उपक्रम हाती घेतला. प्रत्येक प्राणघातक अपघाताची जागेवर जाऊन चिकित्सा झाली. उघड्या काँक्रीटच्या खांबांपुढे क्रॅश बॅरियर बसले, बेकायदा थांबणाऱ्या ट्रकवर कारवाई झाली, रुग्णवाहिका कुठे उभ्या राहाव्यात याचा विचार झाला. टाळेबंदीच्या आधीच, २०१९ मध्ये, मृत्यू शंभराच्या आत आले. रस्ता तोच, घाटही तोच. पण एका आकड्याची जबाबदारी कुणीतरी घेतली होती.

इंग्लंडमध्ये ही जबाबदारी कायद्यानेच ठरवून दिली आहे. तिथले सुमारे सात हजार किलोमीटरचे मुख्य रस्ते ‘नॅशनल हायवेज’ ही सरकारी कंपनी सांभाळते. तिला पाच वर्षांचा निधी मिळतो, त्यासोबत लेखी उद्दिष्टे मिळतात. २०२० ते २०२५ या काळासाठीची उद्दिष्टे अशी होती: मोटारवेवरचे किमान ८६ टक्के अडथळे तासाभरात दूर व्हावेत. दर वाहनाला दर मैलामागे किती सेकंद उशीर झाला, ते मोजले जावे. ठार आणि गंभीर जखमींची संख्या २००५ ते २००९ च्या सरासरीच्या निम्म्यावर यावी. कंपनी स्वतःच आपला निकाल लावत नाही. रेल्वे आणि रस्ते नियामक दरवर्षी अहवाल काढतो आणि कंपनी कुठे कमी पडली ते नाव घेऊन सांगतो. कोणत्या उद्दिष्टात कंपनी मागे आहे, हे तिथल्या कुठल्याही वाहनचालकाला वाचता येते.

भारताचे जाळे त्याच्या वीस पट आहे, पैसा कमी आहे, पावसाळा कठोर आहे. पण मोजण्याची साधने आपल्याकडे नाहीत, असे मुळीच नाही. रस्त्याचा खडबडीतपणा मोजण्याचा जागतिक निर्देशांक १९८२ मध्ये ब्राझीलमधल्या जागतिक बँकेच्या प्रयोगातून घडला. आज लेझर आणि कॅमेरे लावलेली सर्वेक्षण वाहने आपल्या महामार्गांवरही धावता धावता खड्डे, भेगा आणि खडबडीतपणा टिपतात. फास्टॅगमुळे कोणते वाहन कोणत्या नाक्यावर किती वाजता पोहोचले, याची नोंद आहे. अपघातांच्या माहितीसाठी आयआयटी मद्रासच्या मदतीने उभारलेली प्रणाली आहे. या सगळ्या माहितीतून प्रत्येक टप्प्याची गुणपत्रिका तयार होऊ शकते. ती तयार होऊन लोकांसमोर येत नाही, एवढीच उणीव आहे.

२०२१ मध्ये प्राधिकरणाने असा एक मापदंड लोकांच्या हाती दिला होता. नाक्यावरची रांग शंभर मीटरच्या पिवळ्या पट्ट्यापलीकडे गेली, तर ती मागे येईपर्यंत गाड्या टोलविना सोडायच्या. प्रवाशाला स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येईल असा हा नियम होता. २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला. रांगांवर आता संगणकावरून लक्ष ठेवले जाते, पण चालकाच्या हातातला हक्क गेला.

आणि मुंबई-गोवा महामार्ग? पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे काम २०११ मध्ये सुरू झाले. तेव्हापासून कोकणी माणसाला ‘इतके टक्के काम पूर्ण’ एवढेच ऐकवले जाते. गणपतीला निघालेल्या चाकरमान्याला टक्केवारी नको असते. पनवेलहून सावंतवाडीला पोहोचायला किती तास लागतील, वाटेतला पूल शाबूत आहे का, हे त्याला हवे असते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्या प्रवाशांसह पुरात गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि त्याचे कौतुक झाले. जुन्या पुलाची तपासणी कधी झाली होती आणि त्यात काय आढळले होते, हा प्रश्न तितक्याच जोरात विचारायला हवा होता.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८अ हे कलम आले. रचनेचे किंवा देखभालीचे निकष न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर कंत्राटदाराला, सल्लागाराला किंवा संबंधित यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एका जिवापुढे ही रक्कम क्षुल्लक आहे, आणि ती वसूल करायलाही त्या जागेची आधीची नोंद लागते. म्हणून मागणी अशी: प्रत्येक टोल टप्प्याचे चार आकडे दर तीन महिन्यांनी जाहीर व्हावेत. मृत्यू, प्रवासाला लागलेला वेळ, पृष्ठभागाची अवस्था आणि पुलांचा दर्जा. सोबत देखभालीच्या कंत्राटदाराचे नाव असावे. ते आकडे कंत्राटदाराच्या किंवा प्राधिकरणाच्या पगारावर नसलेल्या नियामकाने तपासावेत. निकषाखाली गेलेल्या टप्प्याचा टोल, कुणी न्यायालयात जाण्याची वाट न पाहता, आपोआप कमी व्हावा. सुरुवात राष्ट्रीय महामार्ग ६६, म्हणजे मुंबई-गोवा महामार्गापासून करता येईल. पुढच्या गणेशोत्सवाआधी पनवेल ते सावंतवाडी दरम्यानच्या प्रत्येक टप्प्याचे हे चार आकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने आणि राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने मराठीत प्रसिद्ध करावेत.