शिस्त? ती तर पोरींना घरातच लागते!

राष्ट्रीय छात्रसेनेमुळे मुलींना शिस्त लागते, असं भाषण धाराशिव जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांत मी कितीदा तरी ऐकलं आहे. दर वेळी राग येतो. पहाटे उठून पाणी भरणारी, भाकऱ्या थापून एस.टी. गाठणारी, मान खाली घालून घरी परतणारी परंड्याची, लोहाऱ्याची पोर. तिला आणखी कसली शिस्त लावायची राहिली आहे?

तिला तिथं मिळतं ते वेगळंच. 'हळू बोल' ऐकत वाढलेली मुलगी मैदानावर हुकूम देते आणि तिच्या आवाजावर अख्खी तुकडी वळते. दहा दिवसांच्या शिबिराला ती बाप-भावाच्या सोबतीशिवाय जाते. नकाशा वाचते, पॉइंट टू टू रायफल चालवते. अंग चोरून चालायची सवय सुटते, ही माझ्या मते सगळ्यांत मोठी कमाई.

आपल्यातल्या काही मैत्रिणी विचारतात, युद्धखोरीला विरोध करणाऱ्या आपण बंदुकीचं कौतुक का करायचं? प्रश्न रास्त आहे. वीरमाता घडवण्याची भाषणं मलाही नकोत (माता व्हायचं की नाही, ते तरी पोरींना विचारा!). पण आपण मैदान सोडल्याने सैन्यशाही कमी होत नाही. मैदान तेवढं मुलग्यांचं राहतं.

आणि ते तसंच राखलं गेलं. छात्रसेना १९४८ची, तिचा मुलींचा विभाग १९४९चा, इथपर्यंत ठीक. पण सैन्यात अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलग्यांसाठी राज्य सरकारने १९७७मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. मुलींची निघाली २०२३मध्ये, तीही मराठवाड्याबाहेर, नाशिकला. शेहेचाळीस वर्षं! एन.डी.ए.च्या परीक्षेचं दार तर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने उघडलं.

खरी मेख पुढेच आहे. पोलीस भरतीत वाढीव गुण मिळवून देणारं, लेखी परीक्षेशिवाय थेट सैन्याच्या निवड मंडळापुढे जायची वाट उघडणारं 'सी' प्रमाणपत्र कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी हाती येतं. आमच्याकडे दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यातच पाहुणे पोरगी बघायला येतात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर त्याही आधी, कारण मागे ठेवलेली पोर म्हणजे घोर, आणि कोयत्याला जोडी लागते.

म्हणून प्राचार्यांकडे आपण गटागटाने जाऊन मागू या: कवायतीनंतर गावाकडे जाणारी एस.टी., कपडे बदलायला खोली, शिकवायला बाई अधिकारी. आणि दोन आकडे. पहिल्या वर्षी किती मुलींनी नाव घातलं, आणि 'सी'च्या परीक्षेला त्यांतल्या किती बसल्या? पुढच्या स्नेहसंमेलनात शिस्तीवर बोलण्याआधी ते फळ्यावर लिहा.