योजनेत न बसणारा तास

रात्री अकराला जालना जिल्ह्यातल्या मंठ्याजवळच्या एखाद्या वस्तीवर कुणाच्या छातीत कळ आली, की घरचे आधी गाडी शोधतात, मग रेशनकार्ड. तिसरे काम म्हणजे गावातल्या जाणत्याला फोन : ‘योजनेत कोण घेतं?’ उत्तर बहुधा ठरलेले, ‘जालन्यात वेळ घालवू नका, सरळ संभाजीनगरला काढा.’ मंठ्याहून जालना साठेक किलोमीटर, पुढे संभाजीनगर आणखी तेवढेच. सुवर्ण तास म्हणतात तो वाटेतच सरतो.

सरकारने पैशाला हात आखडता घेतला, असे म्हणता येणार नाही. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना पुढच्याच वर्षी राज्यभर गेली; २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले, २०२० मध्ये ती आयुष्मान भारतशी जोडली गेली. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने दीड लाखाचे कवच पाच लाखांवर नेले आणि शुभ्र कार्डवाल्यांनाही आत घेतले. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरीची सोयही आहे.

गाठ आहे ती वेगळीच. योजना पैसे देते ते यादीतल्या, नाव असलेल्या उपचाराला. रात्री दारात आलेल्या रुग्णाच्या दुखण्याला अजून नावच नसते. ही कळ पित्ताची की हृदयाची? कापसात फवारणी करून आलेला गडी घामाघूम आहे, तो उन्हाने की विषाने? हे ओळखणारा, ईसीजी वाचणारा, श्वासनळीत नळी घालणारा डॉक्टर जागेवर हवा. त्याच्या जागरणाला पॅकेज नाही. दर परवडत नाहीत, बिले अडकतात, ही खासगी रुग्णालयांची तक्रार जुनी आहे आणि ती सगळीच खोटी नाही. मग ‘बेड नाही’ हे वाक्य सोपे पडते.

वाट मात्र सापडलेली आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने रस्ते अपघातातील जखमींसाठी दीड लाखापर्यंत, सात दिवस रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. यादीबाहेरच्या रुग्णालयातही रुग्ण स्थिर करण्यापुरते उपचार तीत धरले आहेत. समृद्धी महामार्गावर जखमी झालेल्याला जो हक्क, तो शेतात साप चावलेल्याला का नसावा? वेळेवर तातडीचे उपचार न मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच बजावले आहे.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. पहिल्या तासाच्या उपचारांना, निदान काहीही निघो, फुले योजनेत स्वतंत्र दर मिळावा आणि तो महिन्याच्या आत चुकता व्हावा. जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत रात्री योजनेच्या कोणत्या अंगीकृत रुग्णालयात कोणता डॉक्टर हजर आहे, याची रोजची यादी १०८ रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षाकडे असावी. आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने आपत्कालीन वैद्यकशास्त्राचा पदव्युत्तर विभाग उभारून त्याचे निवासी डॉक्टर अंबड, परतूर, भोकरदनच्या रुग्णालयांत पाळीने पाठवावेत. या विषयाच्या एमडीला २००९ मध्येच मान्यता मिळाली आहे.

२०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात साडेएकोणीस लाख माणसे होती. त्यांच्यापर्यंत पाच लाखांचे कार्ड पोहोचवता येते, तर रात्री अकराच्या त्या फोनला ‘आपल्याच तालुक्याला आणा’ हे उत्तरही देता आले पाहिजे.