मोजलेलं आणि मानलेलं

मंडळी, आजचा विषय जरा वेगळा आहे. गोल्फ! डोंबिवलीतल्या सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त बाईंनी गोल्फवर लिहायचं म्हणजे फडके रोडवर उंट दिसावा तसं आहे, हे मला मान्य आहे. पण माझ्या भाचीचा मुलगा ठाण्याला राहतो, नववीत आहे, आणि गेली दोन वर्षं हा खेळ अगदी मनापासून खेळतो आहे. रविवारी पहाटे उठून बापलेक सिडकोच्या खारघरच्या गोल्फ मैदानावर जातात. बाकीचे दिवस शाळा, क्लास आणि रस्त्यावरची गर्दी. त्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस. म्हणून घरातच जाळी लावून सराव करायचा आणि त्यासाठी 'लाँच मॉनिटर' नावाचं यंत्र घ्यायचं, असं घरात चाललं आहे. भाचेजावयांनी चार यंत्रांचा तुलनात्मक तक्ता करून मला पाठवला. वर लिहिलं होतं, "मावशी, तुम्ही त्रयस्थ आहात, तुम्हीच बघा."

मी बी.ए. झाले ती मराठी माध्यमातून. आयुष्यभर मराठी आणि भूगोल शिकवला. रडार वगैरे माझा प्रांत नव्हे. पण नकाशावाचन शिकवताना एक गोष्ट मुलांना दरवर्षी सांगावी लागे. प्रत्यक्ष मोजलेली उंची वेगळी आणि दोन समोच्च रेषांच्या मधल्या जागेची अंदाजानं काढलेली उंची वेगळी. दोन्ही आकडेच, दोन्ही सारख्याच शाईत छापलेले, पण त्यांची पत सारखी नाही. गेला महिनाभर वाचून आणि चार जाणकारांना विचारून माझं असं मत झालं आहे की या यंत्रांची तुलना करताना नेमका हाच प्रश्न मागे पडतो. हा आकडा यंत्रानं मोजला, की मानला?

आधी हे यंत्र करतं काय ते सांगते. क्लबचा फटका बसला की चेंडू किती वेगानं निघाला, किती अंश वर उठला, डावीकडे गेला की उजवीकडे आणि स्वतःभोवती किती फिरला, हे ते टिपतं. त्यावरून चेंडू किती लांब पडला असता ते सांगतं. 'असता' हा शब्द महत्त्वाचा. विटीदांडूत आपण काय करत होतो? विटी जिथे पडली तिथपासून दांडूनं जमीन मोजत यायचं. भांडणं व्हायची, पण विटी खरोखर पडलेली असायची. घरातल्या जाळीत चेंडू सात-आठ फुटांवर अडतो. पुढचा दीडशे यार्डांचा प्रवास होतच नाही, त्याचं फक्त गणित होतं.

ही यंत्रं ढोबळमानानं दोन जातींची असतात, रडारची आणि कॅमेऱ्याची. रडारचं तत्त्व लोकलनं प्रवास करणाऱ्याला सहज कळावं. डोंबिवलीच्या फलाटावर उभं असताना न थांबणारी मेल भोंगा वाजवत जाते. येताना भोंग्याचा सूर चढा असतो आणि पुढे निघून गेली की एकदम उतरतो. ख्रिस्तिआन डॉप्लर या शास्त्रज्ञानं हे तत्त्व १८४२ मध्ये मांडलं. यंत्र ध्वनीऐवजी रेडिओलहरी सोडतं आणि चेंडूवरून परतलेल्या लहरींतल्या फरकावरून वेग काढतं. २००३ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेली ट्रॅकमन ही या जातीतली सर्वांत नावाजलेली कंपनी. दक्षिण आफ्रिकेची फ्लाइटस्कोपही रडारवालीच. गार्मिनचं आर-१० हे छोटं यंत्र २०२१ मध्ये ६०० डॉलरला आलं आणि हे प्रकरण सामान्य माणसाच्या थोडं जवळ आलं.

रडारचं खरं बळ मोकळ्या मैदानात. चेंडू जितका लांब जाईल तितका वेळ ते त्याच्याकडे बघत राहतं. खोलीत त्याला बघायला मिळतं किती? मी हिशेब केला. चेंडू सेकंदाला साठ मीटर वेगानं निघाला आणि जाळी आठ फुटांवर असली, तर हाताशी उरतो सेकंदाचा पंचविसावा भाग. ड्रायव्हरनं मारलेला चेंडू मिनिटाला साधारण २७०० फेरे घेतो असं धरलं, तर जाळीपर्यंत त्याच्या दोन गिरक्याही पुऱ्या होत नाहीत. तेवढ्यावरून तो शेवटी किती वळेल हे सांगायचं! म्हणून तर रडारला फिरकी नीट दिसावी यासाठी चेंडूवर धातूची टिकली लावतात, किंवा टायटलिस्टचे आरसीटीसारखे खास चेंडू वापरतात.

कॅमेऱ्याचं यंत्र चेंडूच्या शेजारी बसतं आणि फटक्याच्या क्षणी लागोपाठ छायाचित्रं घेतं. चेंडू किती सरकला आणि त्याच्यावरच्या खुणा किती फिरल्या हे त्यांवरून काढतं. २०१४ मध्ये आलेलं स्कायट्रॅक असंच. फोरसाइटच्या जीसीक्वाडमध्ये तर चार कॅमेरे आहेत. पहिल्या काही इंचांतच त्याचं काम होत असल्यानं जाळी जवळ असली तरी बिघडत नाही. अर्थात यांचेही सगळे आकडे मोजलेले नसतात. मूळ स्कायट्रॅक क्लबचा वेग बघतच नसे, चेंडूवरून अंदाज करी. रॅप्सोडोच्या एमएलएम-टू-प्रो या २०२३ च्या यंत्रात रडार आणि कॅमेरे दोन्ही आहेत, पण फिरकी मोजायला त्याला खुणांचा विशिष्ट चेंडू लागतो. साधा चेंडू ठेवला की फिरकी मानलेली. काही कंपन्या कोणता आकडा मोजलेला आणि कोणता काढलेला हे माहितीपत्रकात सांगतातही. पण विकणाऱ्यांच्या तक्त्यात सगळे आकडे एकाच रांगेत उभे असतात.

हे सगळं मी का उगाळते आहे? तर गेल्या पावसाळ्यात या घरानं ओळखीच्यांकडून एक यंत्र दोन महिन्यांसाठी आणलं होतं. मुलगा वहीत रोज आकडे लिहायचा. सेव्हन आयर्न, १२५, १३०, १४०. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. पाऊस सरल्यावर मैदानावर गेला, तर तोच क्लब, तोच मुलगा आणि चेंडू पडला १२० यार्डांवर. पोरानं बापाला काही सांगितलं नाही, मला फोन केला. "आजी, मी खेळायचं विसरलो का गं?" त्यानंतर महिनाभर तो आपला चांगला फटका बदलत बसला. आकडा चुकला असेल हे त्याच्या मनातही आलं नाही. यंत्र खोटं कसं बोलेल? चौदाव्या वर्षी मुलं असंच धरून चालतात, आणि पैसे भरलेले आईबापही.

यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्याला पाहिजे तेवढी जागा दिली नव्हती, म्हणून त्यानं मानून घेतलं होतं. दुसरी गोष्ट चटईची. कृत्रिम हिरवळीच्या चटईवर क्लब चेंडूच्या मागे टेकला तरी घसरून पुढे जातो आणि फटका बरा बसतो. मातीत तोच क्लब रुततो. ही चूक स्वस्त यंत्राला दिसत नाही, चटईला कळत नाही, आणि मुलाला कळते ती थेट मैदानावर.

पण यंत्राच्या नावानं खडे फोडणाऱ्यांतली मी नाही. वर्षानुवर्षं गोल्फचे शिक्षक सांगत होते की क्लब ज्या दिशेनं फिरतो त्या दिशेनं चेंडू निघतो आणि क्लबचं तोंड जिकडे असेल तिकडे मग वळतो. नीट मोजमाप झाल्यावर कळलं की चेंडू निघण्याची दिशा मुख्यतः क्लबच्या तोंडावरून ठरते. म्हणजे कित्येकांना शिकवलेला धडाच चुकीचा होता! चांगलं मोजमाप पुस्तक बदलतं. म्हणूनच ते मोजमाप आहे की नाही याबद्दल काटेकोर राहायचं.

आता खर्चाचं. ट्रॅकमन किंवा जीसीक्वाडच्या पंक्तीत बसायचं तर हजारो डॉलर, म्हणजे पंधरा-वीस लाखांच्या गोष्टी. त्यांचा विचार नको. स्वस्त यंत्रांनाही पूर्ण उपयोगासाठी बहुतेक वेळा वर्षाची वर्गणी लागते, ती तक्त्यात खाली बारीक अक्षरात असते. आणि सर्वांत आधी जागा. आर-१० सारखं यंत्र चेंडूच्या मागे सहा ते आठ फूट ठेवायचं आणि पुढे निदान आठ फूट मोकळे हवेत. यांचा हॉल दहा बाय पंधरा, त्यात सोफा. छत साडेनऊ फूट, त्यात पंखा. खाली राहणाऱ्या काकूंना रक्तदाब. मी भाचेजावयांना म्हटलं, "अहो, यंत्राचा तक्ता राहू दे, आधी खोलीचा तक्ता करा."

माझं म्हणणं थोडक्यात असं. खोली लहान असेल तर कॅमेऱ्याचं यंत्र, आणि खुली गच्ची किंवा मैदान हाताशी असेल तर रडारचं. दोन यंत्रांची तुलना करायची तर एकाच क्लबनं दहा-दहा चेंडू मारा. सर्वांत मोठा आकडा बघू नका, दहा आकडे किती जवळजवळ येतात ते बघा. मग तेच दहा फटके मैदानावर मारून पावलांनी मोजा. मुलाला रोज दोनच आकडे दाखवा, चेंडूचा वेग आणि निघण्याची दिशा. लांबी दाखवूच नका, ती मैदानाला सांगू दे.

आणि खरं तर प्रत्येक घरानं हे घ्यावं असं मला वाटतच नाही. आमच्या शाळेत चाळीस मुलांत एक सूक्ष्मदर्शक होता. रांग लावावी लागे, पण होता तो चांगला. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या क्रीडासंकुलांत एखादी उंच छताची खोली, एक जाळी आणि एक नीट मोजणारं कॅमेऱ्याचं यंत्र तासाच्या माफक भाड्यानं मिळालं, तर दहा घरांचे पैसे वाचतील. शिवाय क्लबहाऊसवाल्या संकुलात न राहणारी मुलंही येतील. अजिंक्य रहाणे लहानपणी आमच्या डोंबिवलीत मॅटिंगच्या खेळपट्टीवर क्रिकेट शिकला. यंत्र नव्हतं म्हणून तो घडला, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण घरची ओढाताण असलेल्या मुलालाही पोचता येईल अशी एक खेळपट्टी गावात होती, एवढं मात्र खरं. गोल्फला तेवढंही नाही. गोल्फ श्रीमंतांचा खेळ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी यावर विचार करावा.

असो. सध्या यंत्राची खरेदी दिवाळीनंतरवर गेली आहे. मैदान कोरडं झालं की आधी दहा चेंडू पावलांनी मोजायचे असं ठरलं आहे. मुलानं वहीत नवा रकाना आखला आहे, आणि महिनाभर बिघडवलेला फटका हळूहळू जागेवर येतो आहे असं भाची म्हणते. भाचेजावयांचा मात्र अजून हॉलमधला पंखा काढायचा विचार आहे. तेवढ्यापुरता माझा विरोध कायम आहे.