वाकडी पायपिंग आणि माझं चुकलेलं गुणदान



आज एक कबुली देतो आणि एक विनंती करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कार्यानुभवाच्या वस्तू तपासायला घेतल्या होत्या. टेबलावर एक कापडी पिशवी होती, कडेने लाल पायपिंग लावलेली. टीप अगदी सरळ, दुकानात ठेवावी अशी. शेजारी एका मुलाने आणलेला उशीचा अभ्रा होता. त्याची पायपिंग एका बाजूला फुगलेली, एका कोपऱ्यात आवळलेली. पिशवीला मी दहापैकी नऊ गुण दिले, अभ्र्याला पाच. पुढच्या पालकसभेत त्या मुलाची आई भेटली. ती घरी ब्लाऊज शिवते. म्हणाली, "सर, मी शिवून देते म्हटलं तर ऐकलं नाही त्याने. तीनदा उसवलं आणि परत शिवलं." पिशवी कोणी शिवली होती, हे मी त्या मुलीला विचारलंसुद्धा नव्हतं. नंतर विचारलं तर सहज म्हणाली, "टेलरकाकांनी."

म्हणजे मी गुण कोणाला दिले? टेलरकाकांना!

हे फक्त माझ्याच वर्गात घडलं, असं मला वाटत नाही. कार्यानुभवाचा तास गणिताला द्यायचा, वस्तू "घरून करून आणा" म्हणायचं आणि सत्र संपताना जी छान दिसेल तिला जास्त गुण द्यायचे, हे आपण सगळेच कमी-अधिक करतो. माझं म्हणणं एवढंच आहे की, शिवणकाम वर्गात, मुलांच्या हातून, मुलगे-मुली दोघांकडूनही व्हावं. आणि गुण वस्तूच्या देखणेपणाला न देता शिकण्याला द्यावेत.

पायपिंगच का?

त्या आईला मी विनंती केली आणि तिने दोन शनिवार वर्गात येऊन पायपिंग शिकवली. मुलांबरोबर मीही शिकलो, कारण तोवर मला बटणापलीकडे काही शिवता येत नव्हतं. तेव्हा लक्षात आलं की, ही नुसती शोभेची किनार नाही, यात पाठच्या पाठ दडलेले आहेत.

पहिला प्रयोग रुमालाचा. रुमाल काठाच्या दिशेने ओढा, फारसा ताणला जात नाही. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा, चटकन लांबतो. असं का होतं? उभे आणि आडवे धागे मिळून बारीक चौकोन तयार होतात. तिरकं ओढलं की त्या चौकोनांचे समभुज चौकोन होतात, धागा मात्र तेवढाच राहतो. म्हणूनच पायपिंगची पट्टी ४५ अंशांत, उरेब कापायची. सरळ कापलेली पट्टी उशीच्या कोपऱ्यावर किंवा एप्रनच्या गळ्यावर नीट वळत नाही, चुण्या पडतात.

दुसरा पाठ मोजमापाचा. आत घालायची दोरी ४ मिलिमीटर जाडीची असेल, तर तिचा परीघ ४ × ३.१४ म्हणजे साधारण १.३ सेंटीमीटर. दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटीमीटर माया धरली की झाले ४.३. म्हणून पट्टी साडेचार सेंटीमीटर रुंद कापायची. उशी ४० सेंटीमीटरची असेल, तर परिमिती १६०, जोडासाठी थोडी जास्त धरून १७० सेंटीमीटर पट्टी लागेल. आता मुलांना विचारा, ३० सेंटीमीटर बाजूचा चौरस तुकडा पुरेल का? कागदावर पुरतो, कारण ९०० भागिले साडेचार म्हणजे २०० सेंटीमीटर. पण प्रत्यक्ष कापायला घेतलं की कमी पडतो. कोपऱ्याकडच्या पट्ट्या आखूड होत जातात आणि प्रत्येक जोडात कापड जातं. उत्तर बरोबर असूनही काम का अडलं, यावर वर्गात जी चर्चा होते ती मला फळ्यावर कधी घडवून आणता आली नव्हती.

करायचं कसं?

मशीन नसलं तरी अडत नाही. हाताने उलटी टीप घातली तरी पुरे. सुती दोरी आणि कापड आधी धुऊन वाळवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून सगळी किनार आवळते. पट्टीत दोरी ठेवून, दुमडून, दोरीला लागून टीप घाला. ही पायपिंग अभ्र्याच्या एका तुकड्याच्या सुलट बाजूवर ठेवा. दोरी आतल्या बाजूला आणि कापलेल्या कडा एकावर एक. सुरुवात बाजूच्या मध्यावर करा, कोपऱ्यावर नको. कोपरा आला की पट्टीच्या मायेला दोन-तीन बारीक चिरा द्या, म्हणजे ती वळते. चिरा टिपेपर्यंत पोचू देऊ नका. मग दुसरा तुकडा सुलट बाजू आत करून वर ठेवायचा आणि आधीच्या टिपेच्या किंचित आत, दोरीच्या अगदी जवळून शिवायचं. उलटवण्यासाठी एक बाजू मोकळी ठेवायला विसरू नका. आमच्या वर्गात दोघे विसरले होते!

मशीनवर करणार असाल, तर चेन लावताना वापरतात तो अर्धा फूट लावा. नेहमीचा फूट दोरीवर चढतो आणि टीप वाकडी जाते.

लहान मुलांना आधी एप्रनच्या खिशाला बिनदोरीची पट्टी लावू द्या, मग पिशवी, मग उशी. जुन्या साड्या आणि शर्ट यांतून कापड मिळतं, खर्च जवळजवळ नाही.

पालकांना दोन शब्द

तुमचं मूल वाकडंतिकडं शिवून आणेल. कृपया उसवून सरळ करून देऊ नका आणि "मुलाच्या जातीला कशाला हे?" असंही म्हणू नका. एप्रन काय फक्त मुलींनीच घालायचा? ब्लाऊज शिवणारी आई आणि दुकान चालवणारे टेलरकाका हे दोघंही हेच काम करतात. मग ते शिकायला मुलाला लाज कशाची?

शिक्षकांना एक विनंती

१९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार मांडला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत. कागदावर सगळं आहे. तास मात्र आपल्या हातात आहे.

मी आता एक बदल केला आहे. मुलं तयार वस्तूबरोबर पहिला फसलेला तुकडाही आणतात आणि काय चुकलं, ते दोन वाक्यांत सांगतात. टेलरकाकांच्या पिशवीला फसलेला तुकडा नसतो, त्यामुळे वेगळी चौकशी करावी लागत नाही.

त्या मुलाचे गुण मला नंतर बदलता आले नाहीत, निकाल लागून गेला होता. मी चुकलो, एवढं मात्र त्याला वर्गासमोर सांगितलं. तुमच्या टेबलावर या वर्षी असा एखादा वाकडा अभ्रा आला, तर गुण लिहिण्याआधी एकदा विचारा, "किती वेळा उसवलंस?"