इंजिनाचे आयुष्य कोणाच्या हाती?

उंचावर हवा विरळ होते आणि पिस्टनच्या इंजिनाची शक्ती घटते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंनी एक लहान टर्बाइन फिरवावयाचे आणि त्याच आसावरील पंख्याने हवा दाबून सिलिंडरांत धाडावयाची, ही या अडचणीवरची युक्ती म्हणजे टर्बोचार्जर होय. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी पाइक्स पीक या सुमारे १४,१०० फूट उंचीच्या पर्वतावर तिची परीक्षा घेतली. तेथे लिबर्टी इंजिनाची शक्ती सुमारे ३५० वरून २३० अश्वशक्तीपर्यंत खाली आली होती. टर्बोचार्जर जोडताच ती पूर्ववत झाली.

या लाभाचे मोल उष्णतेच्या रूपाने द्यावे लागते. वीस हजार फुटांवर असे इंजिन जमिनीवरच्याइतकी शक्ती देते, तेव्हा उष्णताही तितकीच निर्माण करते. परंतु ती वाहून नेणारी हवा तेथे जवळजवळ निम्मीच दाट असते. शिवाय दाबली गेल्यामुळे आत जाणारी हवाही आधीच तापलेली असते. टर्बाइनच्या मुखाशी वायूंचे तापमान पुष्कळ इंजिनांत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ दिले जाते.

‘जाऊ दिले जाते’ या शब्दांचा अर्थ मात्र नीट ध्यानी घ्यावयास हवा. मापकावरील तांबडी रेषा ओलांडू नये एवढेच निर्माता सांगतो. रेषेला चिकटून नित्य उड्डाण करावे, असे तो सुचवीत नाही. सिलिंडरचे शीर्ष ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते आणि तापमान चढते तसतसे त्याचे बळ ओसरते. ज्या इंजिनाची मर्यादा २३८ अंश आहे ते २०५ अंशांच्या आत राखणारा वैमानिक थोडा उशिरा पोहोचेल, पण त्याचे सिलिंडर अवेळी उतरवावे लागण्याचा संभव पुष्कळच कमी होईल.

इंधन वाचविण्यासाठी मिश्रण थोडेसे विरळ करून तेथेच थांबणे ही तर फसवी काटकसर होय. बाहेर पडणाऱ्या वायूंचे तापमान ज्या मिश्रणाला कमाल असते, त्याहून इंधन किंचित अधिक असताना सिलिंडरातील दाब आणि शीर्षाची उष्णता ही दोन्ही सर्वाधिक असतात. तेव्हा इंधन भरपूर द्यावे, नाही तर त्या कमाल बिंदूच्या पलीकडे जाऊन खरोखर विरळ करावे. दुसरा मार्ग अर्थातच सर्व सिलिंडरांना सारखे इंधन पोहोचत असेल आणि प्रत्येकाला स्वतंत्र तापमापक असेल तरच चोखाळावा.

सावकाश फिरणाऱ्या इंजिनात दाब अधिक ठेवला तर ते मोडते, ही समजूतही अशीच जुनी आहे. १९४४ साली न्यू गिनीमध्ये चार्ल्स लिंडबर्ग यांनी पी-३८ विमानांच्या अमेरिकन वैमानिकांना मिनिटाला १६०० फेरे, वाढविलेला दाब आणि विरळ मिश्रण ही रीत शिकविली. त्या विमानाची दोन्ही इंजिने टर्बोचार्जरयुक्त होती. वैमानिकांना इंजिने जळतील अशी धास्ती वाटत होती. प्रत्यक्षात विमानांचा पल्ला पुष्कळ वाढला आणि इंजिने शाबूत राहिली. फेरे कमी म्हणजे घर्षण कमी, हे त्यामागचे साधे कारण. अर्थात फेरे आणि दाब यांची कोणती जोडी चालेल हे प्रत्येक इंजिनाच्या तक्त्यावरूनच ठरवावे लागते.

उतरल्यावर क्षणात इंजिन बंद केले तर तापलेल्या टर्बाइनच्या आसाभोवतीचे तेल करपते, म्हणून मिनिट-दोन मिनिटे ते मंद चालू द्यावे; धावपट्टीवरून जागेवर येईपर्यंतचा वेळ बहुधा पुरतो. याहूनही मोठा शत्रू आळस आहे. दमट किनाऱ्यावर महिनोगणती उभ्या असलेल्या विमानात तेलाचा थर निथळून जातो आणि उघड्या पोलादावर गंज चढतो. अशा वेळी आठवड्यातून एकदा जमिनीवरच पाच मिनिटे इंजिन चालविण्याची जी प्रथा आढळते, तिने लाभाऐवजी हानीच होते: ज्वलनातून पाणी तयार होते, पण ते उडून जाण्याइतके तेल तापतच नाही. त्यापेक्षा तासभराचे एक उड्डाण बरे, आणि तेही शक्य नसेल तर संरक्षक तेल भरून इंजिन बंद ठेवणे बरे.